न केलेल्या मापनाला उत्तर असते का?

प्रश्न (परभणी):
पेरणीनंतर पावसाने खंड दिला नसता तर दुबार पेरणी टळली असती, असे आपण म्हणतो तेव्हा जे घडले नाही त्याचाही परिणाम निश्चित होता, हे गृहीत धरतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या प्रमेयाविषयी (दूरवरच्या कणांच्या मापनांत किती मेळ असू शकतो, याची मर्यादा सांगणाऱ्या) वाचताना असे दिसते की क्वांटम भौतिकशास्त्रात हे गृहीतक अडचणीत येते. मग ‘असे केले असते तर’ हा विचारच तेथे निरर्थक मानायचा का?

उत्तर (नांदेड):
निरर्थक नव्हे, पण त्याची मर्यादा नेमकी दाखवता येते. एकमेकांशी गुंफलेल्या दोन कणांपैकी पहिल्यावर क किंवा ख आणि दुसऱ्यावर ग किंवा घ, असे प्रत्येकी एकच मापन करता येते आणि प्रत्येकाचे उत्तर +१ किंवा −१ येते. न केलेल्या मापनाचेही उत्तर ठरलेले होते आणि दूरच्या कणावर काय मोजले यावर ते अवलंबून नव्हते, असे मानले, तर क(ग+घ)+ख(ग−घ) ही राशी प्रत्येक जोडीसाठी +२ किंवा −२ एवढीच येते; म्हणून तिची सरासरी २ च्या पुढे जाऊ शकत नाही. क्वांटम सिद्धान्त मात्र सुमारे २.८३ पर्यंत मुभा देतो, आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ साली १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉनांवर २.४२ हे मूल्य मिळाले. ही राशी फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे की यातल्या चारही संख्या एकाच जोडीसाठी कोणी कधी मोजल्या आहेत का.

उत्तर (लातूर):
मांडणी योग्य आहे. तरी ‘न केलेल्या मापनाला उत्तर नसतेच’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. उत्तर आधीच ठरलेले असणे आणि त्यावर दूरच्या मापनाचा परिणाम नसणे, ही दोन गृहीतके एकत्र टिकत नाहीत, परंतु त्यांपैकी कोणते सोडायचे हे प्रयोग सांगत नाही. डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत उत्तरे निश्चित राहतात, मात्र दूरवरचा तात्काळ प्रभाव स्वीकारावा लागतो.

उत्तर (हिंगोली):
एलित्झूर आणि वैदमान यांचा १९९३ चा विचारप्रयोगही येथे पाहावा. व्यतिकरणमापीत, म्हणजे प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणाऱ्या उपकरणात (आपल्या औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी लायगो-इंडियाचे याच तत्त्वावरचे, चार किलोमीटर भुजांचे उपकरण उभे राहणार आहे), अशी रचना करता येते की शेवटी प्रकाश टिपणाऱ्या दोन शोधकांपैकी एक कधीच फोटॉन (प्रकाशकण) नोंदवत नाही. एका वाटेवर फोटॉन लागताच फुटणारा बॉम्ब ठेवला, तर तो ५० टक्के वेळा फुटतो, पण २५ टक्के वेळा तोच एरवी मूक असलेला शोधक फोटॉन नोंदवतो आणि बॉम्ब न फुटताच तो चालू स्थितीत असल्याचे कळते. फुटण्याची शक्यता होती, एवढ्यानेच व्यतिकरण मोडते. त्यासाठी न केलेल्या मापनाचे उत्तर आधीच ठरलेले होते असे मानण्याची गरज पडत नाही, म्हणून बेलच्या (वरील २ च्या) मर्यादेशी याचा विरोध नाही.