मदत हवी आहे: टीव्हीचा आवाज संगणकाच्या ५.१ स्पीकरना कसा जोडावा?

नमस्कार,

आमच्याकडे, नाशिकच्या सिडकोतल्या घरी, बारा-तेरा वर्षांपूर्वी संगणकासोबत घेतलेला ५.१ स्पीकरचा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वूफर असा, संच आहे. तो संगणक केव्हाच भंगारात गेला, पण स्पीकर अजून ठणठणीत आहेत. वूफरच्या मागून हिरवी, काळी आणि नारिंगी अशा तीन पिना असलेली वायर निघते. संगणकाला त्याच तीन रंगांचे जॅक असल्यामुळे तेव्हा डोके चालवावे लागले नव्हते. आता हाच संच ४३ इंची टीव्हीला जोडायचा आहे आणि तिथे घोडे अडले आहे.

यामागे हौस नाही. वडील ७८ वर्षांचे आहेत, त्यांना कमी ऐकू येते आणि टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला असल्याने आवाज भिंतीवर आदळून येतो. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढते, शब्द मात्र होते तसेच अस्पष्ट राहतात, आणि रात्रीच्या मालिका आमच्याबरोबर शेजाऱ्यांनाही ऐकाव्या लागतात. ५.१ च्या संचात मधोमध ठेवायचा स्पीकर मुख्यतः संवादांसाठी असतो, म्हणून तो टीव्हीखाली ठेवून चालू करता आला तर बाबांची सोय होईल, असा माझा हिशेब आहे.

टीव्हीला हेडफोनचा जॅक, ऑप्टिकल पोर्ट (प्रकाशाच्या रूपात डिजिटल आवाज बाहेर देणारा) आणि तीन एचडीएमआय पोर्ट आहेत. त्यांपैकी एकावर ‘एआरसी’ (एचडीएमआयमधून टीव्हीचा आवाज बाहेर पाठवण्याची सोय) असे लिहिले आहे. आधी मी हिरवी पिन हेडफोनच्या जॅकमध्ये घातली, तेव्हा पुढचे दोन स्पीकर वाजले, मधला मुका राहिला. मग एकाच्या दोन करणारी पिन आणून हिरवी आणि काळी दोन्ही जोडल्या. मागचे स्पीकरही वाजू लागले, पण बातम्या सुरू असताना बाबा दोनदा मागे वळून ‘कोण आलंय?’ असे विचारू लागले, तेव्हा ते काढून टाकले.

शेवटी महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात सगळी परिस्थिती सांगितली. तिथल्या मुलाने ऑप्टिकलला लावायचे एक लहान खोके साडेनऊशे रुपयांना दिले आणि ‘यात सगळे स्पीकर वाजतील’ असे छातीठोकपणे सांगितले. त्या खोक्याला बाहेर जाणाऱ्या फक्त लाल आणि पांढऱ्या अशा दोनच पिना आहेत, हे दुकानातच माझ्या लक्षात यायला हवे होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ (न दाबलेला डिजिटल आवाज) निवडले तर दोन स्पीकर वाजतात, ‘डॉल्बी डिजिटल’ निवडले तर नुसती खरखर येते. पाकीट फोडल्यामुळे ते परतही घेतले नाही.

तीन पिनांचा हा संच पूर्ण वाजवण्यासाठी नेमके कोणते उपकरण घ्यावे? एआरसीचा उपयोग होईल का? आणि हेडफोनच्या जॅकला जोडल्यावर वूफरमधून सतत घुणघुण येते, ती कशामुळे?

प्रतिसाद

आपले खोके बिघडलेले नाही, ते मुळातच दोन चॅनेलपुरते, म्हणजे आवाजाच्या दोन स्वतंत्र प्रवाहांपुरते, आहे. ऑप्टिकलमधून आवाज दोन रूपांत जातो: पीसीएम असेल तर दोनच चॅनेल, आणि ५.१ हवे असेल तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या रूपात दाबून बांधलेले गाठोडे. ते गाठोडे सोडणारी यंत्रणा आपल्या खोक्यात नाही, म्हणून खरखर ऐकू येते. साध्या एआरसीचीही मर्यादा जवळपास हीच आहे. न दाबलेले ५.१ पुढच्या पिढीच्या ईएआरसीतून जाते. आपल्याला हवा असलेला प्रकार म्हणजे ‘५.१ डीकोडर’. घेताना त्याला सहा चॅनेलचे आउटपुट आहेत आणि तो डॉल्बी डिजिटल उलगडतो, या दोन गोष्टी खोक्यावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तरीही आपण तो इतक्यात घेऊ नये, असे माझे मत आहे. बातम्या आणि मालिका बहुधा दोनच चॅनेलमध्ये येतात. डीकोडर त्या इमानेइतबारे दोनच स्पीकरना देईल आणि मधला स्पीकर पुन्हा गप्प बसेल. डीकोडरचा खरा उपयोग ५.१ मध्ये असलेल्या चित्रपटांना.

आधी फुकटातला उपाय करून पाहावा. आपण त्या दुहेरी पिनेत हिरवीसोबत काळी जोडली होती, त्याऐवजी नारिंगी जोडा. नारिंगी पिनेत एक चॅनेल मधल्या स्पीकरचे आणि दुसरे वूफरचे असते. त्यामुळे टीव्हीचा डावा किंवा उजवा आवाज मधल्या स्पीकरला मिळेल, आणि माणसाचे बोलणे दोन्ही बाजूंना सहसा सारखेच असल्याने शब्द तिथून स्वच्छ ऐकू येतील. वूफर आपल्याला हवा तेवढा खर्ज गाळून घेतो. आणखी एक सोय म्हणजे हेडफोनच्या जॅकचा आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. ऑप्टिकलचा बहुतेक टीव्हींमध्ये होत नाही, आणि वडिलांच्या हाती दोन रिमोट देणे बरे नव्हे.

घुणघुणीसाठी सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची किंवा केबलची वायर क्षणभर काढून पाहा. आवाज थांबला, तर टीव्ही आणि स्पीकर यांच्या अर्थिंगमध्ये वळसा (दोन वाटांनी अर्थिंग जोडले जाऊन झालेले वर्तुळ) तयार झाला आहे असे समजावे. दोघांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्याने तो कधीकधी जातो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. नारिंगी पिन जोडली आणि मधला स्पीकर पहिल्यांदाच बोलला. तो जरा जास्तच बोलत होता, म्हणून वूफरवरच्या ‘सेंटर’च्या बटणाने थोडा खाली आणला. काल बाबांनी बातम्या ३५ ऐवजी २० वर ऐकल्या, आणि मधे एकदाही ‘काय म्हणाला?’ विचारले नाही. डीकोडर तूर्त तहकूब.

घुणघुण मात्र केबलची वायर काढल्यावरच थांबते. एकाच बोर्डवर प्लग घेऊनही फरक पडला नाही. ३.५ मिलिमीटरच्या पिनेसाठीचा आयसोलेटर (अर्थिंगचा हा वळसा तोडणारे उपकरण) शालिमार किंवा महात्मा गांधी रस्त्याच्या परिसरात कोणी घेतला असल्यास कृपया कळवावे. या वेळी पाकीट फोडण्याआधी विचारतो आहे.