गॅल्व्हेस्टन, १९००

२००५ च्या कत्रिना वादळाला अनेकदा अमेरिकेतलं सर्वांत भीषण हरिकेन (अटलांटिकमधलं चक्रीवादळ) म्हटलं जातं. पैशांच्या नुकसानीत ते मोठं असेलही, पण माणसं सर्वाधिक गेली ती टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन या बेटावरच्या शहरात, ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात. किमान ६,००० माणसं, बहुतेक अंदाज ८,००० च्या आसपास. बेटाची सर्वांत उंच जागा जेमतेम नऊ फूट, आणि पाणी चढलं पंधरा फुटांवर! त्यात किनाऱ्यावरच्या मोडक्या घरांची लाकडं लाटांबरोबर पुढच्या घरांवर आदळत गेली. वारा बदनाम होतो, मारतं पाणी. पुढे समुद्राकाठी १७ फुटी भिंत बांधली, शिवाय अख्खं शहर उचललं: हाताने फिरवायच्या जॅकवर घरं, चर्चसुद्धा, आणि खाली समुद्रातली वाळू. १९१५ च्या वादळात भिंत टिकली. बंदराचा धंदा मात्र हळूहळू ह्यूस्टनकडे गेला.