मदत हवी आहे: लेस्ताकला (मार्से) बसून चित्र काढायला जागा

सप्टेंबरमध्ये आईसोबत फ्रान्सला जातोय. ती चित्रं काढते. तिला मार्सेचं लेस्ताक बघायचंच आहे: १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धकाळात चित्रकार सेझान जिथं राहिला, १९०८मध्ये चित्रकार ब्राकनं जिथली घरं ठोकळ्यांसारखी रंगवली, ते समुद्रकाठचं उपनगर. आमच्याकडे एकच दिवस आहे.

मार्सेच्या मुख्य सँ-शार्ल स्टेशनवरून लोकल आहे, ते पाहिलं. पण लेस्ताकचं स्टेशन चढावर आहे आणि आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या अजिबात जमत नाहीत. बंदराकाठचा रस्ता सपाट आहे, पण तिला वरूनच हवंय: खाली लाल कौलं, मागे निळं आखात. नकाशावर उंचीचा, सावलीचा अंदाज येत नाही.

कुणी गेलं असेल तर सांगा, टॅक्सी थेट पोहोचेल आणि घडीच्या स्टुलावर दोन तास सावलीत बसता येईल, अशी जागा वर नेमकी कुठे आहे?