मदत हवी आहे: रेपो उतरला तरी गिल्ट फंड खाली का? लग्नाचे पैसे त्यातच आहेत

नमस्कार मंडळी,

बेळगावहून लिहितोय, अनगोळला राहतो. बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीतले ८ लाख मी जूनमध्ये लांब मुदतीच्या गिल्ट फंडात, म्हणजे फक्त सरकारी बाँड (कर्जरोखे) घेणाऱ्या म्युच्युअल फंडात टाकले. ६ जून २०२५ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ वरून ५.५ टक्क्यांवर आणला होता. ओळखीचे एजंट म्हणाले, व्याजदर उतरले की जुन्या बाँडचा भाव चढतो, आणि सरकारी कागद असल्याने बुडायची भीती नाही. मला पटलं. आता सप्टेंबर लागला आणि रक्कम दिसतेय ७ लाख ७० हजार. रेपो तर वाढलेला नाही, मग ३० हजार गेले कुठे?

धाकटा भाऊ उद्यमबागला एका फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला) आहे. २७ ऑगस्टला भारतीय मालावरचं अमेरिकेचं टॅरिफ (आयात कर) ५० टक्के झालं आणि तिकडच्या व्हॉल्व्ह बॉडीच्या ऑर्डरी थांबल्या. परवा डबा द्यायला गेलो तर शेडमध्ये लाकडी पेट्या छतापर्यंत रचलेल्या. पट्ट्या मारून, लेबलं लावून तयार, पण उचलायला गाडी येत नाही. ओव्हरटाइम बंद, तिसरी पाळीही बंद. घराचा हप्ता त्याच्याच पगारातून जातो. धंदा मंदावला तर निदान बाँड सावरतील असं मी धरून चाललो होतो. इथे दोन्ही एकदमच बसलं, रात्री झोप लागत नाही.

बहिणीचं लग्न फेब्रुवारीत आहे, ४ लाख यातूनच लागणार. थांबू की काढू? भाऊ म्हणतो क्रेडिट सोसायटीत ठेवू, ९ टक्के देतात.

प्रतिसाद

मी खानापूरचा. रेपो म्हणजे बँकांना अगदी थोड्या दिवसांसाठी मिळणाऱ्या पैशाचा दर. तुमच्या फंडात तीस-चाळीस वर्षांचे कागद असणार, आणि त्यांचा भाव सरकार पुढे किती कर्ज काढणार यावर हलतो. जूनच्या त्याच बैठकीत रिझर्व्ह बँकेने धोरण 'न्यूट्रल' केलं, म्हणजे पुढे दर कमीच करू असा कल सोडला, तेव्हाच आणखी कपातीची आशा मावळली. मग १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली, पाठोपाठ टॅरिफ. कर कमी जमणार, निर्यातदारांना हात द्यावा लागणार, म्हणजे कर्ज वाढणार, या धास्तीने दहा वर्षांच्या सरकारी कागदाचा यील्ड (बाजारभावाने घेतल्यास मिळणारा परतावा) ६.३ टक्क्यांच्या आसपास होता तो ऑगस्टअखेर ६.६ जवळ गेला. यील्ड चढला की जुन्या कागदाचा भाव पडतो. फंडाचं ड्युरेशन (यील्ड एक टक्का हलला की भाव साधारण किती टक्के हलतो ते) १० असेल, तर यील्ड पाव टक्का चढला तरी भाव अडीच टक्के पडतो. हे एजंटनी आधी सांगायला हवं होतं.

लग्नाचे ४ लाख लगेच काढा आणि बँकेत पाच महिन्यांच्या एफडीत ठेवा. सोसायटीत अजिबात नको. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला नसतो. भावाचं काम डळमळीत आहे तर सहा महिन्यांचे हप्तेही बाजूला काढा. उरलेल्याला तीन-चार वर्षं हात लावायचा नसेल तरच राहू द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. हप्ता १४ हजारांचा आहे, म्हणजे ८४ हजार. उद्याच ४ लाख ८४ हजारांचं रिडेम्प्शन (पैसे काढायचा अर्ज) टाकतो. बाबांना या ३० हजारांचं अजून बोललेलो नाही, आज जेवताना सांगतो.