अणुभौतिकीवाल्यांनी एआयच्या नियमनात शिरावं का?

राऊकर
भाचीची अणुभौतिकीतली पीएचडी संपत आलीय. पुढे तिला एआयच्या नैतिक नियमनावर संशोधन करायचंय. माझं मत : जरूर करावं. जर्मनीचा बॉम्ब होणार नाही हे कळल्यावर भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट १९४४ मध्ये अमेरिकेचा अणुबॉम्बचा मॅनहॅटन प्रकल्प सोडून निघाले. पुढे अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या पगवॉश परिषदांसाठी आयुष्य वेचलं, १९९५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. ही परंपरा दुसऱ्या कुठल्या शाखेत आहे?

रामबागकर
रॉटब्लाट निघाले, बाकीचे थांबले की! परंपरा राहू द्या, कामाचं बोला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक युरेनियमचा हिशेब तपासतात, सील लावतात, कॅमेरे बसवतात. वजनात भरणारा पदार्थ आहे म्हणून हे जमतं. एआय मॉडेल म्हणजे शेवटी फाइल. कॉपी गेली तरी मूळ जागच्या जागी. भाची मोजणार काय?

राऊकर
चिप मोजेल. मोठं मॉडेल घडवायला हजारो चिप लागतात, वीज अफाट. ते घरात लपत नाही.

रामबागकर
घडवायला, हो. वापरायला? लहान मॉडेलं लॅपटॉपवर चालतात, भिया.

कॅटचा निवृत्त
रामबागकर, फाइलीचं तुमचं खरं. पण भौतिकीवाला करारांचे मसुदे घेऊन जात नाही, मोजायची सवय घेऊन जातो. आमच्याकडे इंदूरच्या कॅट या संशोधन केंद्रात, इंडस-२ या कणत्वरकाच्या बीमलाइनवर (किरण प्रयोगापर्यंत आणणाऱ्या मार्गावर) घेतलेला आकडा त्रुटीच्या मर्यादेशिवाय कुणी दाखवला तर चहाच्या टेबलावरसुद्धा सोलून काढत. एआयवाले मात्र ‘इतके टक्के अचूक’ असं बिनदिक्कत छापतात. कशावर तपासलं, पुन्हा केलं तर तेच येतं का, याचा पत्ता नाही! नियम लिहिणाऱ्यांत हे विचारणारं कुणीतरी हवंच.

रामबागकर
काका, ते संख्याशास्त्रवालाही विचारेल. आणि नोकरी? भौतिकी विभाग म्हणणार हे भौतिकी नव्हे, धोरणवाले म्हणणार कायद्याची पदवी दाखवा.

मालवी_मुलगी
नोकरीचा प्रश्न खरा आहे. तरी एक बघा. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केलेले देशच अण्वस्त्रधारी ठरले. आपली पोखरण चाचणी १९७४ ची. तारीख त्यांची, नियम त्यांचे; आपण सहीच केली नाही. एआयमध्ये अशी रेघ ओढली जाईल तेव्हा तो इतिहास आणि ते विज्ञान दोन्ही कळणारी आपली माणसं खोलीत नकोत?

रामबागकर
हवीत. पण रेघ ओढणारे भाचीला खोलीत घेतील हे कुणी सांगितलं? भौतिकीतली पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) हातची सोडू नये, एवढंच म्हणतो.

राऊकर
ती सोडणारच आहे. अर्ज भरलाय.