कालव्याचा रस्ता सायकलला मोकळा करावा का? (फुरसुंगी ते पाटस)

कालवाकाठ

पुण्याहून पूर्वेला सायकलने जायचं तर सोलापूर महामार्ग. कंटेनर, एसट्या, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकी, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. याच पट्ट्यातून नवा मुठा उजवा कालवा दौंड तालुका ओलांडून इंदापूरकडे जातो. लांबी दोनशे किलोमीटरच्या आसपास. काठाने बऱ्याच ठिकाणी जलसंपदा खात्याचा तपासणीचा कच्चा रस्ता आहे. माझी मागणी अशी: फुरसुंगी ते पाटस या टप्प्यात तो रस्ता सायकलींना लेखी परवानगीने मोकळा करा आणि बाहेरच्या मोटारी-दुचाकींना बंद करा.

पुण्यातून दक्षिणेला किंवा पश्चिमेला निघा, घाट आडवा येतो. कात्रज, दिवे, ताम्हिणी, खंबाटकी. कालवा मात्र जमिनीची पातळी धरून वळसे घेत जातो, उतार पायाला जाणवतसुद्धा नाही. साठीच्या माणसाला, आठवीतल्या मुलीला, आयुष्यात पहिल्यांदाच लांब निघालेल्याला झेपेल अशी सपाट वाट आपल्याकडे दुसरी कुठली आहे?

दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यु मिदी १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे २४० किलोमीटर. बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाला वाट ठेवलेली होती. आज त्या वाटेने लोक गावोगाव मुक्काम करत सायकलने जातात आणि मैलोन्‌मैल द्राक्षमळे सोबत असतात. बरगंडीत १९९७ साली जिव्री ते क्लुनी हा बंद पडलेला रेल्वेमार्ग सायकलवाट झाला. ती वाटही द्राक्षपट्ट्यातूनच जाते. आपल्याकडे पाटसहून रोटी घाट चढला की द्राक्षमळे आहेत, वाइनरी आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी ज्या घाटाने जाते तोच हा घाट. यवतला मुक्काम, वरवंडला तलाव. दोन दिवसांची सुंदर सफर होईल. तुमचं मत काय?

दौंडकर

विरोध आहे. कारणं नीट सांगतो.

तुम्ही ज्याला रिकामा कच्चा रस्ता म्हणता तो आमचा शेतात जायचा रस्ता आहे. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर आणि बैलगाड्या तिथूनच बाहेर निघतात. समोरून ट्रॉली आली की सायकलवाल्याने उतरायचं कुठे? एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भरावाचा उतार. 'बाहेरच्या' मोटारी बंद करायला तुम्ही अडसर लावणार, मग पहाटे दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या दुचाकीने काय करायचं? आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवसांसाठी कालव्याला सोडलेलं पाणी, सुटलं की रात्री-अपरात्री पाण्याची पाळी येते, तेव्हा आम्ही त्याच रस्त्याने जातो.

द्राक्षबागेचंही बोलतो. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेत फवारण्या चालू असतात. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश किती राहतो याची तपासणी होते, शेतकरी त्या काळात घरच्या पाहुण्यालाही बागेत मोकळा फिरू देत नाही. आणि घड दिसतात ते जानेवारी ते मार्च. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नुसत्या काड्या असतात. शहरातून येणाऱ्याला हे कोण सांगणार?

निवृत्त_पाटबंधारे

उमेदीची बरीच वर्षं कालव्यांवर काढली आहेत, म्हणून लिहितो.

सायकलच्या वजनाने भरावाला काही होत नाही. भरावाचं नुकसान करतात ते जड ट्रॉल्या, त्यात आरपार घातलेले चोरटे पाइप आणि बिळं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीपाशी जनता वसाहतीजवळ उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाचा परिसर पाण्याखाली गेला. तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरल्याचं कारण सरकारकडून सांगितलं गेलं. काठावर रोज माणसांची ये-जा राहिली तर गळती लवकर कळते, हा फायदा मी मानतो.

मला भीती पाण्याची आहे. कालवाकाठ, तुम्ही दिलेल्या फ्रान्सच्या उदाहरणात मोठा फरक आहे. तो बोटींचा कालवा. बोटी वर-खाली नेणाऱ्या दर दोन झडपांमधलं पाणी जवळजवळ स्थिर असतं. आपला सिंचनाचा. त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो आणि आवर्तनात पाणी जोरात वाहतं. काँक्रीटचं अस्तर असलेल्या भागात तिरक्या भिंतीवर शेवाळ धरतं. आत पडलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हाताला धरायला काही मिळत नाही. तोल गेलेल्या शाळकरी मुलाचं काय होईल याचा विचार करा. लोखंडी शिड्या आणि दोर ठरावीक अंतरावर बसवल्याशिवाय 'लेखी परवानगी'वर सही करायला मी कुठल्याही कार्यकारी अभियंत्याला सांगणार नाही.

दुसरं, रस्ता सलग नाही. ओढ्यांवरचे जलसेतू, एस्केप (जादा पाणी बाहेर सोडायची दारं), फाट्यांची म्हणजे उपकालव्यांची मुखं, प्रत्येक ठिकाणी तो तुटतो आणि खाली उतरून पुन्हा चढावं लागतं.

सायकलने_ऑफिस

माझा विरोध वेगळ्या कारणाने. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. आज शहरातल्या सायकल ट्रॅकवर गाड्या लागलेल्या असतात, मध्येच झाड, मध्येच विजेचा डीपी, आणि चौक आला की ट्रॅक गायब. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या गावात मला रोज कामावर सुखरूप जाता येत नाही. अशा वेळी रविवारच्या सफरीसाठी सरकारदरबारी खेटे घालणं म्हणजे रोज सायकल चालवणाऱ्यांची मागणी मागे ढकलणं. कंपनीच्या गेटवरचा सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या ताई, डबेवाले पोरगे, यांना वाइनरीपर्यंतची वाट नको आहे. त्यांना हडपसरचा चौक ओलांडायचा आहे.

घाटवेडी

@सायकलने_ऑफिस, खातं वेगळं, पैसा वेगळा. कालवा जलसंपदा खात्याचा, शहरातले ट्रॅक महापालिकेचे. एक मागितलं म्हणून दुसरं थांबत नाही. आणि ज्या बाईने कधी गर्दीशिवाय सायकल चालवलेलीच नाही ती सरळ हडपसरच्या चौकात कशी उतरेल? सराव कुठेतरी व्हायला हवा.

पण कालव्याच्या रस्त्याबद्दल बाई म्हणून जे वाटतं तेही लिहिते. दोन-दोन किलोमीटर माणूस दिसत नाही, दोन्हीकडे डोक्यावर ऊस. पंक्चर झाली तर थांबायचं कुठे? बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर होतेच, हे त्या बाजूला गेलेल्या कुणालाही विचारा. जुन्नरकडच्या कुकडीच्या कालव्यांवरून जावं असं कुणी सुचवण्याआधीच सांगते, तिथे उसात बिबटे आहेत आणि पहाट-संध्याकाळ ही त्यांची वेळ. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उगाच काढलेलं नाही. दौंडच्या बाजूलाही ऊस आहेच. मला एकटीला जाता येईल अशी वाट हवी असेल तर दर काही किलोमीटरवर गावात उतरणारा फाटा दाखवणारी पाटी, पाणी आणि चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह लागेल. हे नसेल तर ही वाट फक्त गटाने निघणाऱ्या पुरुषांची होईल.

लांबपल्ला

कनाल द्यु मिदीवर सायकल चालवली आहे, म्हणून थोडी भर. तुलूझपासून साधारण पन्नास किलोमीटर डांबरी आहे, त्यापुढे कित्येक ठिकाणी माती, खडी आणि झाडांची मुळं. पाऊस झाला की चिखल. म्हणजे तिकडेही सगळं गुळगुळीत नाही, तरी लोक जातात, कारण मागून हॉर्न वाजत नाही. काठावरचे चिनार गेली काही वर्षं बुरशीच्या रोगाने मरताहेत, हजारो तोडावे लागले, आणि सावली गेल्यावर उन्हात तीच वाट किती अवघड होते ते मी अंगावर घेतलं. आपल्या कालव्याकाठी सावली कुठे आहे? मार्चनंतर सकाळी दहाच्या पुढे तिथे सायकल चालवणं जिवावर बेतेल. पावसाळ्यात काळी माती चाकाला आणि मडगार्डला अशी चिकटते की सायकल उचलून न्यावी लागते. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

कालवाकाठ

दौंडकर, रस्ता आधी तुमचा, हे मला मान्य आहे. त्यामुळे अडसराचा आग्रह सोडतो. अडसर नको, पाटी हवी: 'शेतकऱ्यांच्या वाहनांना प्रथम वाट द्या'. उसाच्या हंगामात कामाच्या दिवशी बंद, फक्त रविवारी सूर्योदय ते दहा चालू, असंही करता येईल. बागेत शिरायचं नाही, बांधावरूनच पाहायचं. ज्याची इच्छा असेल त्या शेतकऱ्याने काठावर द्राक्षं, बेदाणा, उसाचा रस विकावा. यवतमध्ये घरगुती मुक्कामाची सोय केली तर पैसा गावातच राहील.

निवृत्त साहेब, शिड्या आणि दोर ही अट मी मागणीतच घालतो. सायकलींसाठी नसल्या तरी त्या लागतातच, कारण कालव्यावर कपडे धुणाऱ्या बाया आणि पोहणारी पोरं आजही आहेत. त्यांच्यासाठीही शिड्या नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याची योजना पुढे आली आहे. पाणी जमिनीखालून गेलं की शहरातली कालव्याची पट्टी मोकळी होईल, आणि मग तिथे चारपदरी रस्ता करा असं म्हणणारे रांगेत उभे राहतील. आपण आत्ता सायकल आणि पायी चालणाऱ्यांची मागणी कागदावर आणली नाही, तर ती जागा कायमची मोटारींची होईल. सायकलने_ऑफिस, तुमच्या रोजच्या प्रवासाचा प्रश्न इथेच येतो. खडकवासल्यापासून स्वारगेटमार्गे हडपसरपर्यंत एकही चढ नसलेली पट्टी शहराच्या पोटातून जाते आहे.

सायकलने_ऑफिस

शहरातल्या पट्टीसाठी माझी सही घ्या. तिथे वस्त्या आहेत, त्यांचं पुनर्वसन झाल्याशिवाय काही करू नका हे वाक्य त्यात असलं पाहिजे. पाटसच्या सफरीला अजूनही माझा पाठिंबा नाही.

निवृत्त_पाटबंधारे

शहरातला भाग आणि ग्रामीण भाग यांचे दोन वेगळे अर्ज करा. एकत्र केलात तर दोन्ही पडून राहतील. ग्रामीण अर्जाला त्या-त्या गावच्या पाणीवापर संस्थेचं (कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचं) पत्र जोडा, त्याशिवाय उपविभागात कुणी तो हातात घेणार नाही.

दौंडकर

रविवारची गोष्ट बोलता येईल, पण आमच्या संस्थेत ठराव मांडायचा तर आधी तुम्ही गावात यावं लागेल. आणि गाडीने नको, सायकलने या. आवर्तन चालू असताना, ट्रॉल्या चालू असताना या. वरवंडपर्यंत आल्यावरही तुम्हाला हा रस्ता शाळकरी मुलांना देण्यासारखा वाटला, तर मी बैठक लावतो. माझं मत आज तरी 'नाही' असंच आहे.