मदत हवी आहे: घरगुती पोकरमध्ये चांगली पानं येऊनही हरतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही सात मित्रमैत्रिणी महिन्यातून दोनदा कोणाच्या तरी घरी जमतो आणि टेक्सास होल्डम (प्रत्येकाला दोन झाकलेली पानं आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं, असा पोकरचा प्रकार) खेळतो. सुरुवातीला प्रत्येकाला २०० चिप्स, ब्लाइंड (डीलरनंतरच्या दोघांनी पानं बघण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) १ आणि २. बाकीच्यांसाठी ती गप्पांची संध्याकाळ असते. मला मात्र हा खेळ मनापासून आवडायला लागलाय आणि नीट शिकायचाय. गेल्या पाच-सहा बैठकांत बहुतेक वेळा माझ्याच चिप्स सगळ्यात आधी संपल्या, त्यामुळे आता विचारतोच.

नियम येतात, कुठला हात कोणाच्या वर हे पाठ आहे. अडचण अशी की आमच्यात पानं टाकून देणारं कोणी नाही. फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) बघायला पाच-सहा जण असतातच. व्हिडिओ बघून ब्लफ (हात कमकुवत असताना चिप्स लावून समोरच्याला पानं टाकायला लावणं) शिकलो, तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा कोणीतरी साधी नव्वीची जोडी घेऊन शेवटपर्यंत आलं आणि पॉट (डावात जमलेल्या सगळ्या चिप्स) घेऊन गेलं.

एक डाव सविस्तर लिहितो, तो अजून डोक्यातून जात नाहीये. डीलरची जागा माझी. माझ्याकडे बदामचा एक्का आणि किलवरची राणी. माझ्याआधी चौघांनी २ टाकून कॉल (लावलेल्या रकमेएवढ्या चिप्स टाकून डावात राहणं) केलं होतं. मी ६ पर्यंत रेज केलं, म्हणजे रक्कम वाढवली. स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली, बाकी सगळे आले. पॉट ३७. फ्लॉपवर चौकटची राणी, इस्पिकची नव्वी, इस्पिकची पंजी. सगळ्यांनी चेक केलं (काही न लावता चाल पुढे दिली), मी १० लावले, तिघांनी कॉल केलं. टर्नला (चौथ्या पानाला) बदामची तिर्री. मी २० लावले, दोघं राहिले. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) इस्पिकची अठ्ठी आली आणि तोवर नुसती कॉल करत आलेल्या मैत्रिणीने एकदम ६० लावले. मी थोडा विचार करून कॉल केलं. तिच्याकडे इस्पिकचा गुलाम आणि सत्ती. फ्लश, म्हणजे इस्पिकची पाच पानं. एका डावात माझ्या ९६ चिप्स गेल्या.

मी नक्की कुठे चुकलो? असे सगळेच कॉल करत असतील तर ब्लफ सोडूनच द्यावा का? आणि पहिली दोन पानं बघून खेळायचं की नाही हे कसं ठरवायचं? सध्या मी दहातले सहा-सात डाव तरी खेळतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

डाव आकड्यांसकट लिहिलात हे फार बरं केलंत. त्यामुळे चूक स्पष्ट दिसते. राणी-एक्का खेळणं बरोबरच होतं, पण प्रत्येक टप्प्यावर तुम्ही लावलेली रक्कम कमी पडली.

तुमच्या मैत्रिणीच्या जागी बसून बघा. फ्लॉपवर तिच्याकडे इस्पिकची दोन, टेबलावर दोन, म्हणजे फ्लश पूर्ण करणारी ९ पानं शिल्लक. तिला न दिसलेली पानं ४७. पुढच्याच पानावर फ्लश लागण्याची शक्यता ९ भागिले ४७, साधारण १९ टक्के. आता तिला किती मोजावे लागले? पॉटमध्ये ३७, वर तुमचे १०, आणि तिने टाकायचे १०. म्हणजे ५७ च्या पॉटसाठी १०, साडेसतरा टक्के. शक्यता १९ आणि खर्च साडेसतरा, तर तिचा कॉल बरोबरच ठरतो. टर्नलाही तेच झालं. ७७ च्या पॉटमध्ये तुम्ही २० लावलेत, तिचा खर्च १७ टक्के आणि शक्यता साडेएकोणीस. तुम्ही तिला दोनदा स्वस्तात पान दाखवलंत.

फ्लॉपवर २८ लावले असते तर ९३ च्या पॉटसाठी २८, म्हणजे ३० टक्के. त्या भावाने पुढच्या पानासाठी कॉल करणं तिला महाग पडलं असतं. तरी तिने केलं असतं, आणि तुम्हाला तेच हवंय! कधीकधी फ्लश लागेल, पण अशा वीस डावांचा हिशेब केलात तर चिप्स तुमच्याकडे येतील. म्हणून न सोडणाऱ्या टेबलावर चांगला हात असेल तेव्हा पॉटच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश लावत जा.

पहिला रेजही छोटा होता. आधी चौघं आत आलेले असताना बिग ब्लाइंडच्या तिप्पट आणि प्रत्येक कॉल करणाऱ्यामागे आणखी एक ब्लाइंड, असा अंदाज ठेवा. इथे तो १४ होतो. सहा जणांऐवजी दोघं-तिघं उरले असते तर राणीच्या जोडीला बराच जोर आला असता. एक्क्याची जोडीसुद्धा एका अनोळखी हातासमोर ८५ टक्के वेळा जिंकते, पण असे पाच हात शेवटपर्यंत समोर राहिले तर ४९ टक्क्यांवर येते.

आणि रिव्हरचा कॉल. शांतपणे कॉल करत आलेला खेळाडू तिसरं इस्पिक पडल्यावर मोठी बेट लावतो, तेव्हा घरगुती खेळात त्याचा एकच अर्थ असतो. तिथे राणीची जोडी टाकायची. ते जड जातं हे मान्य आहे, मलाही हे अंगवळणी पडायला खूप वेळ लागला.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. पहिल्या दोन पानांबद्दल लिहितो.

दहातले सहा-सात डाव फारच झाले. दोन वेगवेगळी पानं हातात असतील तर फ्लॉपवर निदान एकाची जोडी लागण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे बाकी दोनदा तुमच्या हातात काहीच नसतं. त्यातून जोडी लागली तरी दुसरं पान, म्हणजे किकर, लहान असेल तर खरं नुकसान तिथेच होतं. एक्का-सत्तीवर एक्क्याची जोडी लागते, तुम्ही सोडत नाही आणि समोर एक्का-राजा निघतो.

मी तक्ते पाठ करायला सांगणार नाही. त्यापेक्षा आपण कुठे बसलोय ते आधी बघा. डीलरच्या जागी किंवा त्याच्या शेजारी उजवीकडे असाल तर फ्लॉपनंतर बहुतेकांची चाल बघून तुम्ही ठरवता. तिथे मधल्या जोड्या, एक्क्यासोबत मोठं पान, एकाच रंगाची (जसं दोन्ही इस्पिक) लागून आलेली पानं चालतात. पहिली चाल तुमची असेल तर यातली निम्मी टाकून द्या. ब्लाइंडमध्ये असताना 'एक चिप तर आधीच गेलीय' म्हणून काहीही खेळू नका. ती चिप आता पॉटची आहे.

ब्लफबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पूर्ण सोडू नका, पण समोर एकच जण असेल आणि तो पानं टाकू शकणारा असेल तरच करा. अर्धा पॉट लावून केलेला ब्लफ तीनातून एकदा तरी यशस्वी व्हायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी होते. तिघं समोर असताना तिघांनीही सोडायला हवं, आणि तुमच्या मंडळींचं वर्णन वाचून ते होईल असं वाटत नाही.

आणखी एक विनंती. मैत्रिणीला 'तू ती पानं खेळायलाच नको होतीस' असं टेबलावर सांगू नका. ती आनंदाने खेळायला येते आणि तिचं येणं तुमच्या खेळापेक्षा महत्त्वाचं आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खर्च आणि शक्यता अशी शेजारी मांडून मी कधी बघितलीच नव्हती. काल बैठक झाली, म्हणून लगेच कळवतोय.

पहिला तासभर जवळजवळ सगळी पानं टाकली. अवघड गेलं, हात शिवशिवत होते. मग राजाची जोडी आली. तिघं आत होते, मी १२ पर्यंत रेज केलं, दोघं आले. फ्लॉप आणि टर्नला पॉटच्या दोन तृतीयांश लावत गेलो, एकाने शेवटपर्यंत कॉल केलं आणि पॉट मला मिळाला. एकही ब्लफ केला नाही. शेवटी २३० चिप्स उरल्या. एका संध्याकाळवरून काही सिद्ध होत नाही हे कळतं, पण पहिल्यांदाच प्रत्येक चाल का केली हे मला सांगता येत होतं.

आता एक शंका. पंजी किंवा छक्कीची जोडी आली की गोंधळ उडतो. रेज करावं, नुसतं कॉल करावं की टाकावी?

प्रतिसाद १

वा, छान वाटलं वाचून!

लहान जोडीचं काम एकच, फ्लॉपवर तिसरं तसंच पान मिळवणं. ते आठ-नऊ वेळांत एकदा मिळतं, साधारण १२ टक्के. म्हणून २ चिप्समध्ये चार-पाच जण फ्लॉप बघत असतील तर जरूर कॉल करा. लागलं तर असे कॉल करणारे लोक तुम्हाला भरपूर देतात. कोणी २० पर्यंत रेज केलं आणि त्याच्याकडे मागे ६०-७० च चिप्स असतील तर टाका, कारण लागलं तरी आधीच्या सात-आठ प्रयत्नांचा खर्च भरून निघणार नाही. दोघांकडेही १८०-२०० असतील तर १० पर्यंतचा कॉल चालेल. आणि फ्लॉपवर तिसरं पान आलं नाही, समोरून बेट आली, की जोडी सोडून द्या.

पुढच्या वेळी असा डाव आला तर पॉटच्या आकड्यांसकट इथे लिहा, विशेषतः तुम्ही हरलात तर.